सिक्कीमची गवरी

“मी आते जे सांगस, ते कोनी खरं मानाव नही,” असं म्हणून कौतिक आबानं तंबाखूची चिमूट गालात सरकवली, आणि बेबाबाईच्या ओट्यावर बसलेल्या चौघांनी अगदी मनापासून होकार दिला. त्या एका वाक्यापुरता आबा कधीच खोटं बोलत नसे.

उजव्या हाताचं मधलं बोट त्याला नव्हतं. तरणा असताना जळगावला कापसाच्या एका जिनात कामाला होता, तिथं ते यंत्राच्या पट्ट्यात गेलं, एवढी साधी गोष्ट. पण आबाच्या तोंडून ऐकाल तर ते तापीच्या मगरीनं नेलं होतं, चंबळच्या एका दरोडेखोर बाईला त्यानं ते राखीची ओवाळणी म्हणून दिलं होतं, आणि एकदा, ऐकणारा धुळ्याकडचा नवा जावई होता म्हणून, तोफेची नळी साफ आहे की नाही ते पाहायला घातलं ते तिथंच राहिलं होतं. जावई बिचारा पुढची दोन वर्षं आबाच्या पाया पडायचा.

एरवी ओट्यावर हशा पिकला असता. आज कोणी हसलं नाही. श्रावणातल्या कानबाईचा, कुळदेवीचा, रविवार उद्यावर आला होता आणि सकाळीच घराण्याचा कर्ता जीवराम नाना याच्या अंगणात जे झालं, ते कोणाच्या मनातून जात नव्हतं.

झालं होतं असं. या घराण्यात कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीचे, गहू मुठीनं मोजतात. घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. बाईची मूठ नाही. गरोदर सुनेच्या पोटातल्याची धरावी की नाही, यावरून जीवराम नाना आणि त्याचा थोरला भाऊ यांचं, तो भाऊ मरेपर्यंत, बोलणं नव्हतं. पण घराण्याची रीत बदलायची असेल तर नुसत्या मुठी पुरत नाहीत. ‘रोट मुठीनं, रीत चुलीनं’ असं मूळपुरुष रूपला बाबा सांगून गेला. आधी पुरुषांनी बसून ठराव करायचा. मग तो चुलींकडे जायचा. ज्या चुलीला तो मान्य, तिनं रविवारी दिवेलागणीच्या आत आपल्या हातची एक शेणाची गवरी, अंगणात रोट भाजायला पेटवतात त्या आगटीसाठी द्यायची. निम्म्याहून जास्त चुलींच्या गवऱ्या आल्या तर आगटी पेटते आणि रीत बदलते. नाही आल्या तर त्या वर्षीचा रोट जुन्या चुलीवर, जुन्या रीतीनं. नाही म्हणायला कोणी कोणाच्या दारात जायचं नसतं. गवरी दिली नाही, की झालं. कोणाची आली आणि कोणाची नाही, हेही तोंडानं बोलायचं नसतं.

गवरीवर थापणाऱ्याचा पंजा उठलेला हवा, ठसा पुसलेली गवरी मोजत नाहीत. नानाच्या थोरल्या सुनेच्या, कमलबाईच्या, गवरीवर बांगडीची कड दिसायची, म्हाताऱ्या शेवंताबाईची गवरी लहान मुलानं थापल्यासारखी. आणि आबाच्या घरात बाईमाणूस नसल्यामुळे तो स्वतः थापायचा. त्याच्या गवरीवर चारच बोटं. पोरीसोरी लांबून ओळखायच्या.

चुली नऊ. नानाची, त्याच्या थोरल्या मुलाची म्हणजे बन्सीलालची, धाकट्या पंडित वकिलाची, जो धुळ्याला देवपुरात राहतो पण ज्याच्या गॅसच्या शेगडीलाही घराणं चूल मानतं, आणि ट्रॅक्टरवाल्या वनाची, जो बन्सीलालच्या शब्दाबाहेर नाही. या चार मोठ्या. एकेकीत पुरुषांची रांग. उरलेल्या पाच म्हणजे हा ओटा. सत्तरीतली, मूलबाळ नसलेली विधवा शेवंताबाई. दोन म्हशींवर घर चालवणारा निंबा. भुसावळला रेल्वेत सांधे बदलणारा तोताराम. लग्नच न झालेला कौतिक आबा. आणि बेबाबाई, आबाच्या पुतण्याची, झुलालची बायको. झुलाल कपाशीच्या फवारणीत गेला, तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

झुलाल गेल्यावर हायवेलगतचं कानबाईचं वावर घराण्यानं बेबाबाईला कसायला दिलं. ती जुनीच रीत, ज्या चुलीत कमावता पुरुष नाही तिला देवीचं वावर. तिनं रोटाचे गहू पिकवायचे, उरलेल्यावर पोट भरायचं. दगड वेचून वेचून तिनं बांधाला कंबरेएवढी भिंत घातली होती. आता हायवे रुंद व्हायचा होता, आणि बन्सीलालला त्या वावरात पेट्रोल पंप दिसायला लागला होता.

म्हणून सकाळी पंडित वकिलानं चष्मा पुसून ठराव वाचला: ज्या चुलीत पुरुषाची मूठ नाही, ती चूल यापुढे चूल धरायची नाही. तिची गवरी नाही, तिला वावर नाही. तिनं जवळच्या भाऊबंदाच्या पंगतीत जेवावं, घराणं तिला अंतर देणार नाही. शेवटचं वाक्य पंडितनं फार गोड आवाजात वाचलं. वकील लोक असली वाक्यं शेवटालाच ठेवतात.

मुठींचा ठराव व्हायला विडी ओढून होईतोही वेळ लागला नाही. मुठी बहुतेक सगळ्या नानाच्याच.

गंमत अशी, की त्याच वर्षी उन्हाळ्यात दिल्लीचा पंचायतीचा कायदा लागू झाला होता, बायकांना तिसरा हिस्सा जागा. बन्सीलालनं पुढच्या निवडणुकीत कमलबाईला सरपंच करायचं ठरवून टाकलं होतं, तिचा फोटोसुद्धा जळगावला जाऊन काढून आणला होता. ठराव वाचून झाल्यावर कमलबाईनं दाराआडूनच विचारलं, की गावाला बाई चालते, तर चुलीला का चालत नाही. बन्सीलाल म्हणाला, “तू दळण पाहा.” ती दळण पाहायला गेली.

मग तोतारामनं विचारलं, की चुलींनी गवऱ्या नाही दिल्या तर. पंडितला असले प्रश्न फार आवडतात. त्यानं समजावून सांगितलं, की रूपला बाबा अडाणी असला तरी देशाच्या घटनेच्या आधी शहाणा होता. घटनेतही काही कलमं अशी आहेत, की ती बदलायची तर नुसती संसद पुरत नाही, निम्म्या राज्यांच्या विधानसभांचा होकार लागतो. हा पंचायतीचा कायदाही तसाच फिरून आला. राज्यं पंचवीस, होकार हवेत तेरा. आणि तिथं उत्तर प्रदेश म्हणजे एक आणि सिक्कीम म्हणजेही एकच.

“म्हणजे ल्हान राज्यं आडाई शकतंस?” तोताराम म्हणाला.

“कागदावर शकतात. तेरा जण गप्प बसले की दिल्ली अडली.” पंडित हसला. “पण तेरा लहान माणसं एका ओट्यावर, एका विचारानं, गप्प बसलेली तुम्ही कधी पाहिलीत का, तोताराम भाऊ?”

अंगणात हशा झाला. बेबाबाई उठून गेली. तिच्यामागं एकेक करून हे चौघे आले. आणि आता आबा सांगत होता, की आपण पाहिली आहेत.

त्याचं असं झालं म्हणे, की तो एकदा भुसावळहून केळीच्या वॅगनीबरोबर राखणदार म्हणून दिल्लीला गेला. तिथं यार्डात एक बुटका टोपीवाला आला आणि त्यानं उभ्याउभ्या फणीभर केळी सालीसकट खाल्ली. तो सिक्कीमचा आमदार. आबानं विचारलं, बाबा, एवढा उपाशी का. तर तो म्हणाला, दिल्लीवाल्यांनी आमच्यासारख्या लहान राज्यांची चूल मोडायचा कायदा आणलाय. बारा राज्यांनी मान डोलावली, तेराव्यासाठी आमच्या दाराशी मिठाई घेऊन बसलेत. आबाला दया आली. तो उरलेली केळी घेऊन त्याच्यासंगं थेट सिक्कीमला गेला.

“मालगाडीत?” निंबानं विचारलं.

“वर चढाले गाडी कथी? याकवर.”

तर तिथल्या विधानसभेच्या दारात एक याक बसलेला. केसाळ, आपल्या खिल्लारीच्या दीडपट. तो उठेना. तो उठत नाही तोवर दार उघडत नाही, दार उघडत नाही तोवर सभा भरत नाही, आणि सभा भरल्याशिवाय होकार कोण देणार. दिल्लीचे मंत्री बर्फात गुडघाभर उभे. त्यांनी शेपूट ओढून पाहिली, मिठाई दाखवली, बँडसुद्धा आणला. याक आपला रवंथ करतोय. शेवटी मंत्र्यांना सर्दी झाली आणि ते खाली उतरले. कायदा आजही तिथंच पडून आहे, कोणाला बघायचा असेल तर आबा पत्ता द्यायला तयार होता. आणि या सगळ्या दिवसांत याकला केळी चारली कोणी? तर आबानं. तेव्हाच बोट गेलं.

“आबा, बोट तं मगरनी खायेल व्हतं ना?” तोताराम म्हणाला.

“ते आर्धं. उरेल याकनी खादं.”

आता मात्र शेवंताबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. निंबानं मांडीवर थाप मारली. आबानं तेवढ्यात लोखंड तापलेलं पाहिलं आणि घाव घातला. अडवायला ताकद लागत नाही, तो म्हणाला. नाही म्हणायला वकीलही लागत नाही. नुसतं उठायचं नाही. मोठ्यांच्या गवऱ्या चार. आगटीला लागतात पाच, पाचवी इथूनच जायची. ती जाऊच द्यायची नाही, आपण पाचजण पाच याक. उद्या दिवेलागणीपर्यंत बूड हलवायचं नाही.

ही थाप आहे हे पाचहीजणांना माहीत होतं, आबासकट. पण थापेतसुद्धा एखादं टेकायला लाकूड सापडतं. तोताराम म्हणाला, त्याला उद्या संध्याकाळची ड्युटी आहे, चारच्या एस.टी.नं जावं लागेल, पण त्याची गवरी घरातून हलणार नाही, बायकोला बजावून जातो. निंबा म्हणाला, त्याची तर रचलेल्या राशीतून निघायचीच नाही. शेवंताबाईनं गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून शब्द दिला.

बेबाबाई तेवढी हसली नव्हती. ती आबाकडे बघत होती. मागच्या श्रावणात आबा तापानं फणफणला होता आणि घराचं दार उघडलं नाही हे साऱ्या भाऊबंदकीत एकटीच्या लक्षात आलं होतं. तिनं कडी खालून उचकटली, चमच्यानं पेज पाजली, त्याचं धोतर धुतलं. त्या दिवसांत आबानं एकही थाप मारली नाही, यावरूनच तिनं ताप किती आहे ते ओळखलं होतं.

“आबा,” ती म्हणाली, “त्या याकले कोनी केयं दखाडतं तं?”

केळ्याचं नाव निघताच आबानं तंबाखू थुंकली. “तो सिक्कीमना याक शे, बेबा. आपला नही.”

जीवराम नानाचं बोलावणं त्याच संध्याकाळी आलं. नाना गोठ्यात होता, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत. ही दोघं चुलतभावंडं एका महिन्याची, एका पाटीवर शिकलेली, आणि एकाच दिवशी शाळेतून हाकललेली. नाना रागावला नाही, ठरावाचं नावही काढलं नाही.

“जेवना का रे?” त्यानं विचारलं.

आबा म्हणाला, जेवलो, पंचपक्वान्न. खरं तर खिचडी करपली होती आणि त्यानं ती वरवर खरवडून खाल्ली होती. त्याच्या मिशीला लागलेलं काळं नानाला दिसत होतं.

मग नाना हळूहळू बोलत गेला. त्याची पद्धतच तशी, बैलाशी बोलल्यासारखा माणसाशी बोलायचा. हात थरथरतात, भाकरी किती दिवस थापशील. आमच्याकडे एवढी पानं पडतात, त्यात एक जास्त, कोणाला कळणारही नाही. ओसरीची खोली रिकामीच आहे. आणि पुढचं म्हणशील, तर बन्सीलालचा मधला तुझ्या तोंडात पाणी घालील, मडकं धरील, पितरांत तुझं नाव घेईल. आहे का दुसरं कोणी? आबा म्हणाला, बेबा आहे. नाना म्हणाला, आहे, आज आहे. वावर गेलं की ती एरंडोलला माहेरी जाईल. मग?

“वावर जाव नही,” आबा म्हणाला. पण आवाज त्याचा त्यालाच याकासारखा वाटला नाही.

नानानं बैलाच्या कानातली गोचीड काढली, पायाखाली चिरडली. “तुनी नही उनी तं दुसरानी येई. तोताराम कालदिन बन्सीकडे चहा पी गया. जो आधी येई, त्यानं पान मी मांडसू.”

तोताराम चहा प्यायला होता हे खरं होतं. त्याच्या मुलाची शाळा बदलायची होती आणि बन्सीलालची हेडमास्तरांशी ओळख होती, म्हणून गेला होता. त्यापलीकडे काही नाही. पण अर्ध्या खऱ्याची ताकद किती असते हे आबाइतकं कोणाला ठाऊक? आयुष्यभर त्यानं तोच धंदा केला होता. आणि तरी तो त्याच धंद्यात फसला, गारुड्याला आपलाच साप चावावा तसा.

घरी येऊन त्यानं दिवा लावला नाही. खाटेखाली उन्हाळ्यातल्या गवऱ्यांची चळत होती. एक ओढून त्यानं पंज्यावर पंजा ठेवून पाहिला. चार बोटं चार खाचांत बरोबर बसली. मधली जागा गवरीतही रिकामी, हातातही रिकामी. डाव्या हातानं नवी थापावी म्हटलं तर श्रावणात ऊन कुठलं. त्यानं ती गवरी परत ठेवली. मग पुन्हा काढली. मग त्याला बेबाबाईच्या पेजेची चव आठवली, मिरीची, आणि त्यानं ती परत ठेवली. चांगला माणूस असता तर तिथंच झोपला असता. पण त्याला मागच्या श्रावणातली कडी आठवत होती, आतून लावलेली, आणि आपण ती उघडायला उठू शकत नव्हतो ते.

रविवारी दुपारी गावात कानबाईची वाजंत्री सुरू झाली. नानाच्या घरात चौरंगाला केळीचे खांब बांधत होते, नारळाला नथ घालून देवी मांडत होते, सगळ्यांच्या पाठी गोठ्याकडे होत्या. आबा मागच्या गोठ्याच्या दारानं आत शिरला, उपरण्याखाली गवरी. आगटीपाशी एकटी कमलबाई होती. गवऱ्या घ्यायचा मान थोरल्या सुनेचा.

तिनं गवरी हातात घेतली, पंजा पाहिला, मग आबाला पाहिलं. तो म्हणाला, खाली ठेव माय, सगळ्यांत खाली, आधी जळू दे.

“ठेवते,” कमलबाई म्हणाली. “जिथं ठेवायची तिथंच ठेवते.”

तिच्या डोळ्यांत दळणाचं पीठ गेलं असावं, कारण ते लाल होते. आबा आला तसा गेला. गोठ्यातल्या बैलानं त्याच्याकडे पाहिलं, आणि आबानं त्या बैलालासुद्धा सांगितलं, की तो वाट चुकला होता.

चारच्या एस.टी.नं तोताराम ड्युटीला गेला. जाताना बेबाबाईच्या ओट्यासमोर थांबला, हात वर करून म्हणाला, “याक बठेल शे हो.” सगळे हसले. आबा सगळ्यांत मोठ्यानं.

मग ते चौघे दिवेलागणीची वाट बघत बसले. बेबाबाईनं चहा केला, आबाला कपात आणि स्वतःला वाटीत. कालच्यापेक्षा तिचा चेहरा मोकळा होता. ती सांगू लागली, की भिंतीच्या आतल्या बाजूनं ती आता लिंबं लावणार, पाच रोपं. एक आबाच्या नावाचं. तिच्या वावराला पहिल्यांदाच ती ‘माझं’ म्हणाली, आणि लगेच ‘देवीचं’ म्हणून सुधारून घेतलं. शेवंताबाई म्हणाली, रूपला बाबानं नुसता पोटच्यांचाच विचार केला नव्हता, पोटी कोणी नसलेल्यांचाही केला होता.

आबा बोलतच राहिला. तो गप्प बसायला भीत होता. सिक्कीमच्या गोष्टीला त्यानं शिंगं फोडली, शेपूट लावली. मंत्र्यांनी याकला पद्मश्री द्यायचं कबूल केलं, तरी तो उठला नाही. याकची बायको रुसून नागालँडला गेली, तरी तो उठला नाही. बोलता बोलता त्याला स्वतःलाच वाटायला लागलं, की कुठंतरी, कुठल्यातरी उंच थंड जागी, तो खरंच बसलेला आहे.

पहिल्यांदा धूर निंबाला दिसला.

नानाच्या घरामागून तो वर चढत होता, गवरीचा जाड पांढरा धूर, चुलीचा नव्हे, आगटीचा. वाजंत्रीचा सूर एकदम वर गेला. ओट्यावर कोणीच हललं नाही. शेवंताबाईनं विचारलं, काय झालं, कोणी सांगेल का. मग बेबाबाई उठली, वाटीतला चहा तसाच ठेवला आणि पदर खोचून चालू लागली. तिच्यामागं सगळे.

मागच्या अंगणात भाऊबंदकी गोळा झाली होती. बन्सीलालच्या कपाळावर गुलाल होता. पंडित वकील हात मागं बांधून उभा होता, आणि न्याय झाला की वकिलाचा चेहरा जसा कोरा होतो तसा त्याचा चेहरा होता. नाना खाटेवर बसला होता. त्याच्या उजव्या हाताला एक पाट मांडलेला होता, रिकामा, त्यापुढं नवं कोरं ताट.

बेबाबाईनं त्यांतल्या कोणाकडेच पाहिलं नाही. ती आगटीकडे बघत होती.

“कोनी दिधी?” ती म्हणाली. हे तोंडानं विचारायचं नसतं, रीत होती. पण रीत आता तिची उरलीच नव्हती.

निंबानं देवाची शपथ घेतली. शेवंताबाईनं मेलेल्या नवऱ्याची घेतली. उरला आबा. आणि आबाच्या तोंडाला सवय होती. मन मागंच राहिलं असताना ते आपलं पुढं गेलं.

“आनखी कोन?” तो म्हणाला. “रेल्वेना मानूस. कोनी बी हिरवा कंदील दखाडा का चालना. तरीच चारनी यष्टीनी पळना तो. परवा चहा पी गया, आज गवरी दी गया. मी तं तवढ्यामाच वळखेल व्हतं. तोताराम पहिलापासूनच...”

तो बोलत होता आणि निंबा मान डोलवत होता. निंबाला ते पटत होतं. शेवंताबाईनं भुसावळच्या दिशेला बोटं मोडली. अर्ध्या मिनिटात सगळा ओटा तोतारामवर उलटला असता. आबाला ते दिसत होतं, आणि आता थांबता येत नव्हतं. तो तोतारामच्या बापापर्यंत पोचला, त्यानं विहिरीच्या भांडणात खोटी साक्ष दिली होती तिथपर्यंत.

कमलबाई आगटीपाशी उभी होती. तिनं हातातल्या चिमट्यानं एक निखारा आत ढकलला, आणि बाजूला झाली.

चार गवऱ्या मधोमध पेटल्या होत्या. पाचवी कडेला, उभी टेकवून ठेवलेली, पंजा बाहेरच्या अंगाला. आच तिच्यापर्यंत पोचली नव्हती. नुसती खालची कड धुमसत होती.

बेबाबाई वाकली. तिनं ती हातानं उचलली. बोटं भाजली असणार, पण तिनं सोडली नाही. तशीच ती आबासमोर आली आणि त्याच्या तोंडासमोर धरली, इतकी जवळ, की धूर त्याच्या डोळ्यांत गेला.

“तोताराम भाऊले पाची बोटं शेतस, आबा.”